‘वडिलांनी मला सांगितलं तसं’: वाइझर घराण्याचा माग

कॉनरॅड वाइझरने आपल्या जन्माची नोंद स्वतःच्याच हाताने करून ठेवली आहे. २ नोव्हेंबर १६९६, गाव आफश्टेट, तालुका हेरेनबर्ग, आणि बाप्तिस्मा शेजारच्या कुपिंगन गावी. पुढे तो एक पुस्ती जोडतो: वडिलांनी मला सांगितलं तसं. वंशशोधाच्या भानगडीत पडलेल्या कोणीही ही पुस्ती दोनदा वाचावी. आपला जन्म कुठे झाला हे कोणालाच आठवणीतून माहीत नसतं, ते ऐकलेलंच असतं. पण हे कबूल करून लिहिणारे फार थोडे. बहुतेक वंशावळींमधून ही पुस्ती केव्हाच गळून गेलेली असते आणि उरते फक्त तारीख, दगडावर कोरल्यासारखी.

अठराव्या शतकात जर्मन मुलखातून अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत गेलेल्या हजारो कुटुंबांपैकी वाइझर हे एक. तिथे पोचलेला कॉनरॅड पुढे पेन्सिल्वेनिया सरकारचा दुभाषा झाला. मोहॉक वगैरे मूळ अमेरिकी राष्ट्रांच्या इरोक्वा संघाशी त्या वसाहतीचे जे करारमदार झाले, त्यांतल्या बहुतेक महत्त्वाच्या बैठकांत हा माणूस मध्ये बसलेला होता. १३ जुलै १७६० ला तो वारला. वोमेल्सडॉर्फजवळचं त्याचं शेत आज स्मारक म्हणून राखलेलं आहे. इतका नामांकित माणूस, शिवाय त्याच्या हातची टिपणं उपलब्ध. अशा घराण्याचा माग काढणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं कोणालाही वाटेल. मला हे प्रकरण आवडतं ते नेमकं ते तसं नसल्यामुळे. कागद भरपूर असले की चुकाही भरपूर होतात, आणि त्या कागदाचा हवाला देऊन होतात.

पहिला फास ‘पॅलाटिन’ या शब्दाचा. १७०९ च्या उन्हाळ्यात सुमारे तेरा हजार जर्मन माणसं ऱ्हाईन नदीने खाली रॉटरडॅमला आणि तिथून लंडनला येऊन थडकली. आदल्या हिवाळ्यात युरोपात अशी थंडी पडली होती की द्राक्षमळे मुळासकट गेले. त्याआधी फ्रेंच फौजांनी मुलूख लुटला होता, कर होतेच, आणि इंग्लंडची राणी ॲन अमेरिकेत फुकट जमीन देते अशी वदंता गावोगाव पसरली होती. आलेल्यांपैकी पुष्कळजण ऱ्हाईनकाठच्या प्फाल्ट्स संस्थानातले होते. त्याला इंग्रजीत म्हणतात पॅलाटिनेट. लंडनकरांनी मग सगळ्यांनाच ‘गरीब पॅलाटिन’ म्हणायला सुरुवात केली. सरकारी कागदांतही तेच आलं आणि पुढे अमेरिकेतल्या नातवा-पणतवांनी आपलं मूळ गाव प्फाल्ट्समध्ये शोधायला घेतलं.

वाइझर प्फाल्ट्सचे नव्हतेच. ते व्युर्टेम्बर्गच्या डचीतले, म्हणजे ड्यूकच्या संस्थानातले. सरकारी कागदात ‘पॅलाटिन’ लिहिलेलं दिसलं की मी त्याचा अर्थ एवढाच घेतो की हा माणूस जर्मन बोलत होता आणि लंडनमार्गे आला होता.

दुसरा फास कॉनरॅडच्या जन्मगावाचा आहे आणि तो जास्त बेमालूम आहे. आफश्टेट श्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला. कुपिंगनच्या चर्चची दप्तरं उघडून तिथे वाइझरांच्या चार पिढ्या शोधत बसलं तर हाती काही लागणार नाही, कारण हे कुटुंब तिथलं नव्हतंच. बाप योहान कॉनरॅड वाइझर व्युर्टेम्बर्गच्या निळ्या ड्रॅगून नावाच्या घोडेस्वार पलटणीत कॉर्पोरल होता आणि पलटणीचा मुक्काम त्या भागात असताना पोर झालं. घराण्याचं गाव श्टुटगार्टच्या दुसऱ्या अंगाला, ईशान्येकडे, बाकनांग तालुक्यातलं ग्रोसआस्पाख. हेही कॉनरॅडच सांगतो. पणजोबा याकोब वाइझर, आजोबाही याकोब वाइझर. आजोबा ग्रोसआस्पाखचे शुल्टहाइस होते, म्हणजे सरकारच्या वतीने गावचा कारभार पाहणारे, साधारण आपल्या पाटलासारखे. पूर्वज अनादि काळापासून त्याच गावात जन्मले आणि तिथेच पुरले गेले, असं तो लिहितो.

आता या एका परिच्छेदात तीन वेगवेगळ्या वजनाची विधानं आहेत. आजोबा शुल्टहाइस होते हे तपासता येण्याजोगं आहे. शुल्टहाइसच्या सह्या गावच्या कागदांवर सापडतातच. दोन याकोब एकामागून एक होते, हे चर्चच्या नोंदींतून जुळवता येतं, मात्र दोघांची नावं सारखी असल्यामुळे लग्न, मुलं आणि मृत्यू यांच्या नोंदी कोणाच्या खात्यावर टाकायच्या हे बायकांच्या नावांवरून ठरवावं लागतं. आणि ‘अनादि काळापासून’ हे विधान नुसतं घराण्याच्या अभिमानाचं. १६३४ मध्ये न्योर्डलिंगनच्या लढाईनंतर पवित्र रोमन साम्राज्याच्या बादशहाच्या फौजा व्युर्टेम्बर्गमध्ये घुसल्या. लूट, भूक आणि प्लेग यांनी गावंच्या गावं ओस पडली. तीस वर्षांचं युद्ध संपल्यावर या गावांत स्वित्झर्लंडपासून कुठून कुठून माणसं येऊन बसली. त्यामुळे व्युर्टेम्बर्गातल्या कोणत्याही घराण्याने ‘आम्ही इथलेच’ म्हटलं की वंशशोधक आधी विचारतो, १६३४ च्या आधीचे की नंतरचे? या डचीत प्रॉटेस्टंट चर्चची दप्तरं सोळाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवायचा नियम होता, ही फार मोठी सोय. मात्र कुठल्याही गावी त्या युद्धात कोणत्या वह्या जळाल्या आणि कोणत्या वाचल्या हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्या वह्या ज्या लिपीत आहेत तिला कुरेंट म्हणतात. ज्याने मोडी वाचायचा प्रयत्न केला आहे त्याला हे दुखणं समजावून सांगायला नको. अक्षरं वाकडी असतात म्हणून वाचणं अवघड होत नाही. ई, एन, एम आणि यू ही चार अक्षरं म्हणजे ओळीने मारलेल्या उभ्या रेघाच असतात, आणि कुठे कोण संपलं ते शब्द आधीच माहीत असेल तरच कळतं. बाईच्या आडनावाला ‘इन’ लागतं. म्हणजे वाइझरची बायको किंवा मुलगी ‘वाइझरिन’. ही शेपटी न ओळखल्यामुळे वाइझरिन नावाचं वेगळंच घराणं उभं केल्याचे प्रकार होतात. शिवाय पुरुषांतला दर दुसरा योहान. ते नाव हाक मारायचं नव्हेच. हाक मारतात ती पुढच्या नावाने. योहान कॉनरॅडला घरात योहान म्हणून कोणी बोलावलं नसेल.

वाइझरांच्या घरात तर नावांचा गुंताच आहे. बापाचं नाव योहान कॉनरॅड आणि मुलाचंही तेच. इंग्रजी कागदात दोघेही ‘जॉन कॉनरॅड’. १७१८ मध्ये वसाहतवाल्यांच्या तक्रारी घेऊन लंडनला गेलेला बाप. तो वाटेत चाच्यांच्या तावडीत सापडला, पुढे लंडनमध्ये कर्जापायी तुरुंगात पडला आणि १७२३ मध्ये परतला. करारांच्या बैठकांत बसलेला मुलगा. दोघांची चरित्रं एकमेकांत मिसळलेली मी पाहिली आहेत. आणि भावंडं बघा. आई आना माग्डालेना, माहेरची यूबेले, १ मे १७०९ ला गेली तेव्हा मागे नऊ मुलं होती: काट्रिना, मार्गारेटा, माग्डालेना, साबिना, कॉनरॅड, गेओर्ग फ्रीडरिश, क्रिस्टोफ फ्रीडरिश, बार्बारा आणि योहान फ्रीडरिश. चार मुलगे, त्यांतले तिघे फ्रीडरिश. धाकटा योहान फ्रीडरिश सहा वर्षांचा असताना १७१० च्या डिसेंबरात न्यूयॉर्क वसाहतीत वारला. मग बापाने दुसरं लग्न केलं आणि त्या बायकोपासून झालेल्या मुलाचं नाव पुन्हा योहान फ्रीडरिश ठेवलं!

गेलेल्या पोराचं नाव पुढच्या पोराला देणं ही तेव्हाची सर्रास रीत. कॉनरॅडच्या स्वतःच्या घरातही दोन बेंजामिन झाले. एक १७३६ मध्ये जन्मला आणि काही महिन्यांतच गेला, दुसरा १७४४ मध्ये जन्मला आणि जगला. फक्त पहिल्याची बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि दुसऱ्याची लग्नाची, तर शोधणारा त्या दोघांचा एक माणूस करून मोकळा होतो. पहिलं पोर असं पुसलं जातं आणि दुसऱ्याचं वय आठ वर्षांनी वाढतं.

आईच्या मृत्यूनंतर आठ आठवड्यांच्या आत, २४ जून १७०९ ला, बाप आठ मुलांना घेऊन ग्रोसआस्पाखहून निघाला. थोरली काट्रिना लग्न होऊन कॉनरॅड बोसच्या घरात होती. ती मागे राहिली. तिच्याकडे नंतर येतो.

निघाल्याची तारीख आहे, आणि पोचल्याचीही: १३ जून १७१०, न्यूयॉर्क. एक वर्षाला अकरा दिवस कमी. या अकरा दिवसांनी मला एकदा चांगलंच थांबवलं होतं. व्युर्टेम्बर्गसकट जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० मध्ये नवीन, म्हणजे आजचं ग्रेगोरियन पंचांग स्वीकारलं. इंग्लंड आणि तिच्या वसाहती १७५२ पर्यंत जुन्या, ज्युलियन पंचांगावरच होत्या. अठराव्या शतकात दोन्हींत अकरा दिवसांचा फरक. म्हणजे दोन्ही तारखा त्या-त्या ठिकाणच्या पंचांगाप्रमाणे धरल्या तर न्यूयॉर्कचा १३ जून हाच ग्रोसआस्पाखचा २४ जून. गाव सोडल्याला त्या दिवशी बरोब्बर वर्ष झालं. जन्मतारखेचंही तसंच. १६९६ मध्ये व्युर्टेम्बर्गही जुन्या पंचांगावर होतं, म्हणून २ नोव्हेंबर म्हणजे आजच्या हिशोबाने १२ नोव्हेंबर. वंशावळीत तारीख लिहिताना ती बदलू नये, मूळ आहे तशीच ठेवावी आणि कोणतं पंचांग ते बाजूला लिहावं. मी हे शिकलो ते तारखा आधी ‘दुरुस्त’ करून, मग पुन्हा दुरुस्त करून, आणि शेवटी मूळ काय होतं तेच विसरून.

आता प्रवासाचे कागद. इथे नवशिके हमखास एक चूक करतात. पेन्सिल्वेनियाच्या जहाजयाद्या प्रसिद्ध आहेत. १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या सोळा वर्षांवरच्या परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. त्यातून कप्तानाची यादी आणि सह्यांच्या दोन याद्या अशा तीन-तीन याद्या एकेका जहाजाच्या मिळतात. सह्या तर माणसाच्या स्वतःच्या हातच्या. घराणं पेन्सिल्वेनियाचं आहे म्हटल्यावर लोक थेट या याद्यांत शिरतात आणि नावसाधर्म्य असलेला कोणीतरी पकडून आणतात. वाइझर आडनावाचे काही त्यांत भेटतात. पण हे वाइझर १७१० चे. ते फिलाडेल्फियाला उतरलेच नाहीत. ते न्यूयॉर्कला आले, त्याच वसाहतीतल्या शोहेरीच्या खोऱ्यात राहिले आणि १७२९ मध्ये जमिनीवरून पेन्सिल्वेनियात टल्पहॉकनला सरकले. त्यांच्याआधी, १७२३ मध्ये, त्याच खोऱ्यातली काही कुटुंबं सस्क्वेहॅना नदीतून तराफ्यांवर तिथे आली होती. माणूस कुठे स्थिरावला यावरून तो कुठल्या बंदरात उतरला हे ठरत नाही.

१७१० च्या जहाजांच्या प्रवासी याद्या उरलेल्या नाहीत. त्याऐवजी जे आहे ते माझ्या मते याद्यांहून सरस आहे, कारण ते पैशांचं खातं आहे. न्यूयॉर्कचा गव्हर्नर रॉबर्ट हंटर याला या लोकांकडून हडसन नदीकाठच्या पाइनच्या जंगलात आरमारासाठी डांबर काढून घ्यायचं होतं. त्या बदल्यात सरकार त्यांना पोसणार होतं. कोणत्या कुटुंबाला किती शिधा दिला, घरात दहा वर्षांवरची किती माणसं आणि दहाखालची किती, याचा हिशोब १७१० पासून १७१२ पर्यंत ठेवला गेला. ही वही लंडनला गेली, कारण हंटरला पैसे परत हवे होते. ते त्याला पुरते कधी मिळाले नाहीत, पण वही राहिली. साडेआठशेच्या जवळपास कुटुंबांची नावं तिच्यात आहेत. पुढच्या नोंदीत दहावरची संख्या एकाने कमी झाली की समजावं, कोणी मेलं, लग्न करून गेलं, किंवा कामाला लावून दिलं गेलं.

‘कामाला लावून देणं’ याचीही वेगळी यादी आहे. पोरकी मुलं, आणि आईबाप असलेलीही, गव्हर्नरने वसाहतीतल्या लोकांकडे बांधून दिली. पुढे वृत्तपत्र-स्वातंत्र्याच्या खटल्याने नाव कमावलेला जॉन पीटर झेंगर याच यादीत तेरा वर्षांचा पोरगा म्हणून दिसतो, छापखानेवाल्या विल्यम ब्रॅडफर्डकडे आठ वर्षांसाठी बांधलेला. वाइझरांचे गेओर्ग फ्रीडरिश आणि क्रिस्टोफ फ्रीडरिश असेच लाँग आयलंडला गेले. बाप आजारी होता आणि त्याने संमती दिली, असं कॉनरॅड लिहितो. वाक्य कोरडं आहे. पण संमतीचा उल्लेख त्याला करावासा वाटला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सावत्र आई आल्यावर उरलेली भावंडंही पांगली. वंशशोधकाच्या दृष्टीने हे पांगणं म्हणजे नऊ वेगवेगळ्या दप्तरांत शोध घेणं.

आकड्यांच्या बाबतीत मात्र घरच्या आठवणीपेक्षा खातं बरं. कॉनरॅडच्या लिहिण्यात दहा जहाजांतून चार हजार माणसं निघाली. वसाहतवाल्यांनी १७२० मध्ये लंडनमध्ये दिलेल्या तक्रारअर्जात मेलेल्यांचा आकडा सतराशेपर्यंत जातो. सरकारी कागदांवरून काढलेला हिशोब साधारण २,८०० निघाले आणि प्रवासात ४७० च्या आसपास मेले असा येतो. उतरल्यावरही माणसं मरत राहिली, ती वेगळी. तक्रारअर्ज हा तक्रारअर्ज असतो, तो फुगणारच. पण त्यावरून हे लोक खोटं बोलत होते असं म्हणू नये. सहा माणसांमागे एक समुद्रात टाकलेला पाहिला की मोजणी अशीच होते.

आता मुख्य गाठ. कॉनरॅडची बायको कोण?

त्याच्या टिपणात लग्नाची नोंद अशी येते की १७२० साली, बाप इंग्लंडात असताना, २२ नोव्हेंबरला शोहेरीला बापाच्या घरात, योहान फ्रीडरिश हेगर या पाद्रीच्या हातून, त्याने ‘माझ्या आना एव्हा’शी लग्न केलं. आडनाव नाही. बस, एवढ्या एका मोकळ्या जागेत आख्खी दंतकथा उगवली. आना एव्हा मोहॉक बाई होती, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं आणि छापलंही गेलं.

दंतकथा उगाच उगवत नाहीत. सतरा वर्षांचा असताना बापाने कॉनरॅडला क्वाग्नांट नावाच्या मोहॉक सरदाराच्या स्वाधीन केलं होतं. १७१३-१४ चा हिवाळा तो त्यांच्यात राहिला, थंडी आणि उपासमारीने मेटाकुटीला आला, पण भाषा शिकून आला. त्या भाषेवर पुढचं आयुष्य उभं राहिलं. इरोक्वा लोकांनी त्याला ‘ताराचियावागोन’, आकाश धरून ठेवणारा, असं नाव दिलं. असा माणूस, आणि बायकोचं आडनाव कुठे नाही. लोकांनी दोन अधिक दोन केले. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, ज्या काळात मूळ रहिवासी त्या मुलखातून जवळजवळ हुसकले गेले होते, त्या काळात आपल्या रक्तात एखादी मोहॉक आजी असणं घराण्यांना शोभेचं वाटू लागलं होतं. हे माझं मत. ती जिवंत शेजारीण होती तेव्हा मात्र तिच्याशी नातं सांगायला कोणी पुढे येत नव्हतं.

दंतकथा खोडायला लोक आधी नाव पुढे करतात: आना एव्हा हे जर्मन नाव आहे, मग ती मोहॉक कशी? हा पुरावा लंगडा आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या मोहॉक बायकांचीही नावं ख्रिस्ती असत. १७१२ पासून फोर्ट हंटरला त्यांच्यासाठी चर्च होतं. पाद्रीने लग्न लावलं, यानेही काही ठरत नाही. खरी साक्ष दोन ठिकाणी आहे.

एक, जावई. कॉनरॅडची मुलगी मारिया हिचं १७४५ मध्ये हेन्री मेल्खिओर म्युलेनबर्ग या लुथरन पाद्रीशी लग्न झालं. हा १७४२ मध्ये जर्मनीतून आलेला, आणि कागद लिहिण्याच्या बाबतीत अक्षरशः न थकणारा माणूस. हाले शहरातल्या आपल्या वरिष्ठांना पाठवलेल्या वृत्तांतात त्याने सासऱ्याची हकीकत दिली आहे आणि सासू जर्मन, ख्रिस्ती, इव्हँजेलिकल म्हणजे प्रॉटेस्टंट आईबापांची असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. त्याने सासूला वर्षानुवर्षं पाहिलं होतं, तिच्याशी बोलला होता. तो लपवत असेल का? असा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो विचारला म्हणूनच दुसऱ्या साक्षीची गरज लागते.

दुसरी साक्ष कॉनरॅडच्याच टिपणात पडून आहे. पण ती लग्नाच्या नोंदीत नाही. ती आहे मुलांच्या नोंदीत. त्याला चौदा मुलं झाली. शोहेरीला झालेल्या पहिल्या चार मुलांच्या नोंदींत जन्मतारीख, बाप्तिस्मा देणारा पाद्री, आणि धर्ममाता-धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलासाठी उभे राहणारे, कोण, हे तो लिहितो. एका मुलीला त्याची बहीण बार्बारा उभी राहिली आहे. पांगलेली भावंडं पूर्ण तुटली नव्हती, हे त्यावरून कळतं. आणि मुलांसाठी उभं राहिलेल्यांत येतं एक जोडपं: निक्लास फेग आणि त्याची बायको.

त्या काळच्या जर्मन बाप्तिस्म्यात धर्मपिता म्हणून रस्त्यावरचा कोणी उभा राहत नसे. बापाकडचं किंवा आईकडचं नातं, नाहीतर जवळचा शेजार. वाइझरांत निक्लास फेग कोणी नाही. मग आईकडचा? फेग हे आडनाव हातात घेऊन १७१० च्या शिध्याच्या वहीकडे परत गेलं की त्याच जथ्यातलं फेक घराणं भेटतं. फेग, फेक, फेख अशी लेखनं बदलतात म्हणून गोंधळायचं कारण नाही. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘ग’ उच्चारात ‘क’ होतो. फेग लिहिलं तरी तोंडातून फेकच येणार, आणि ऐकून लिहिणारा फेक लिहिणार. डोळ्यांना दोन घराणी दिसतात, कानाला एकच ऐकू येतं. आना एव्हा या फेक घराण्यातली, वाइझरांसारखीच १७१० च्या लाटेतून आलेल्या जर्मन आईबापांची मुलगी. आज जाणकार हेच मानतात.

कॉनरॅडने आडनाव का लिहिलं नाही? कारण त्याला गरज नव्हती. ती टिपणं त्याने घरच्यांसाठी लिहिली. आई कोणाची लेक हे मुलांना ठाऊकच होतं, मामा येऊन-जाऊन होता. घरातल्या कागदात घरातल्यांना माहीत असलेली गोष्ट लिहिलेली नसते.

जनुकीय चाचणीने हे सुटेल का, असं हल्ली विचारलं जातं. नेहमीच्या चाचणीने नाही. नऊ पिढ्या मागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी ५१२ वा हिस्सा, म्हणजे ०.२ टक्का, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा शून्य. ‘माझ्या चाचणीत मूळ अमेरिकी अंश आला नाही’ यावरून काहीच सिद्ध होत नाही, आला तरी तो कोणाकडून हे कळत नाही. उपयोग होईल तो आईकडून लेकीकडे जाणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या चाचणीचा. त्यासाठी आना एव्हाची लेक, तिची लेक, तिची लेक अशी एकही पुरुष मध्ये न आलेली साखळी आजवर जुळवावी लागते. म्हणजे पुन्हा कागदच. आणि दर पिढीला आडनाव बदलणाऱ्या बायकांचे कागद.

याच घराण्याला आणखी एक दंतकथा चिकटली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मारियाचा मुलगा फ्रेडरिक म्युलेनबर्ग १७८९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती झाला. त्याच्या एका मतामुळे जर्मन ही अमेरिकेची राजभाषा होता होता राहिली, असं जर्मनीत आजही ऐकायला मिळतं. झालं होतं इतकंच की १७९४ मध्ये व्हर्जिनियातल्या काही जर्मनांनी कायद्यांचे जर्मन तर्जुमे छापावेत असा अर्ज केला आणि त्यावरच्या चर्चेत तहकुबीचा एक ठराव ४२ विरुद्ध ४१ मतांनी पडला. आजीचा मोहॉक वंश आणि नातवाचं एक मत, दोन्ही कथा एकाच पद्धतीने तयार झाल्या. कागदात थोडी मोकळी जागा होती आणि तिथे मोठी गोष्ट मावली.

शोध कुठल्या चर्चमध्ये घ्यायचा, हाही प्रश्न वाइझरांच्या बाबतीत सरळ नाही. कॉनरॅड लुथरन. लग्न लावणाऱ्या हेगरला तो रिफॉर्म्ड म्हणतो. दोन्ही प्रॉटेस्टंट पंथच, पण वेगवेगळे. मुलांचे बाप्तिस्मे कधी लुथरन पाद्रीने दिले, कधी रिफॉर्म्ड पाद्रीने. वस्तीत जो पाद्री घोड्यावरून येईल तो देईल, अशी स्थिती होती. नंतर १७३५ मध्ये कॉनरॅड एफ्राटाच्या मठात शिरला, ब्रह्मचर्य आणि शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळणाऱ्या पंथात, आणि काही वर्षांनी वैतागून बाहेर पडला. १७४० मधल्या मुलाचं नाव याबेझ आहे, हे एकदम जुन्या करारातलं नाव फ्रीडरिश-फिलिपांच्या रांगेत आलं ते त्याच वाऱ्यातून, असं मला वाटतं. ब्रह्मचर्याचं काय झालं ते चौदा या आकड्यावरून दिसतंच.

हे असं धागा-धागा ओढणं या लोकांबाबत शक्य झालं ते बऱ्याच अंशी हँक जोन्स या संशोधकामुळे. हा गृहस्थ एकेकाळी डिस्नेच्या चित्रपटांत छोट्या भूमिका करायचा. त्याने १७१० च्या शिध्याच्या वहीतलं एकेक कुटुंब जर्मनीतल्या गावी नेऊन पोचवायचा ध्यास घेतला. त्याची रीत साधी पण हाडं मोडणारी होती. एकाचं गाव पक्कं कळलं की त्या गावाभोवतालच्या सगळ्या गावांची चर्चची दप्तरं ओळीने वाचायची, कोणाला शोधतोय हे न ठरवता. माणसं एकेकटी निघत नाहीत. एका पाणवठ्यावरची निघतात. न्यूयॉर्कच्या वहीत जी नावं शेजारी-शेजारी येतात ती पुष्कळदा जर्मनीतही शेजारीच असतात.

कागद मागे राहिलेल्यांचेही असतात, हे शेवटी काट्रिनाकडे वळल्यावर कळतं. निघताना बापाने घर, शेतं, कुरणं, द्राक्षमळा, बाग सगळं थोरल्या मुलीच्या आणि जावयाच्या हवाली केलं. जावयाकडे हातात देण्याजोगे फक्त ७५ गुल्डन (तिथलं चलन) होते. उरलेले ६०० नंतर पाठवायचे ठरलं. ते कधी आले नाहीत आणि मग भेट म्हणून सोडून दिले, असं कॉनरॅड लिहितो. व्युर्टेम्बर्गात लग्न झालं किंवा कोणी मेलं की घरातल्या ताटवाट्यांपासून द्राक्षमळ्याच्या वाफ्यांपर्यंत यादी आणि वाटणी लिहून ठेवायची पद्धत होती, आणि अशा यादीत देणंही लिहावं लागे. काट्रिनाच्या घरातली ती यादी वाचताना पाहायची ती देण्याची ओळ, अमेरिकेत गेलेल्या बापाचे ६०० गुल्डन. आणि शोधायचं आडनाव वाइझर नाही. ग्रोसआस्पाखमधलं वाइझरांचं घर १७०९ नंतर बोस या नावाखाली आहे.